रेल्वेचे तिकीट न काढता माचू पिचू
पेरूमधील माचू पिचू या इंकांच्या डोंगरावरील प्राचीन नगरीला जाताना परदेशी प्रवाशाचे सर्वाधिक पैसे रेल्वेच्या तिकिटावर जातात. ते वाचवायचे असल्यास कुस्को शहरातून पहाटे सुटणाऱ्या सामायिक व्हॅनने सांता तेरेसामार्गे हिद्रोएलेक्त्रिका या जलविद्युत केंद्राजवळच्या थांब्यापर्यंत जावे, ज्याला घाटरस्त्याने सहा-सात तास लागतात, आणि तेथून रुळांच्या कडेने, नदीच्या सोबतीने जाणाऱ्या जवळजवळ सपाट वाटेने सुमारे १० किलोमीटर चालत माचू पिचूच्या पायथ्याचे आग्वास कालिएन्तेस हे गाव गाठावे. गर्द झाडीतली ही अडीच-तीन तासांची चाल मला तरी रेल्वेहून अधिक मोलाची वाटते. रात्री तेथेच मुक्काम करून सकाळी बसऐवजी पायऱ्यांनी वर चढावे. प्रवेशाचे तिकीट ठरावीक वेळेचे असल्याने ते आधीच काढून ठेवावे. जानेवारी-फेब्रुवारीच्या पावसात मात्र दरडी कोसळत असल्याने हा मार्ग टाळावा.