धूर बघून दाबा: शर्यतीची वेळ आणि उडीचं अंतर नीट कसं मोजायचं

अ‍ॅथलेटिक्सच्या मीटमध्ये माणसं कमी पडली की कुणीतरी आपल्या हातात स्टॉपवॉच कोंबतं आणि म्हणतं, तुम्ही तेवढं टायमिंग बघा. आपल्याला वाटतं त्यात काय एवढं, सुरू करायचं आणि बंद करायचं. माझं पहिल्यांदा असंच झालं. १०० मीटरची शर्यत, माझ्या शेजारच्या दोघांनी पहिल्या मुलाची वेळ सांगितली ११.६ आणि ११.६, आणि मी छाती पुढे काढून सांगितलं ११.३. मुलगा तोच, शर्यत तीच. घड्याळ पण चांगलं होतं हो, मीच पिस्तुलाचा आवाज ऐकून बटण दाबलं होतं.

आवाज हवेत सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. स्टार्टर, म्हणजे पिस्तूल झाडणारा माणूस, तुमच्यापासून १०० मीटर लांब उभा असेल तर आवाज तुमच्या कानापर्यंत यायलाच जवळपास ०.२९ सेकंद लागतात आणि तोवर मुलं पाय टेकवायच्या ब्लॉकमधून निघालेली असतात. म्हणून नियम असा की पिस्तुलाचा धूर किंवा ठिणगी दिसली की दाबायचं, आवाजाकडे कान बंद. स्टार्टरला आधीच सांगून ठेवा की हात वर, उघड्यावर धर, आणि मागे काहीतरी गडद रंगाचं असेल तर फारच छान, कारण पांढऱ्या ढगांसमोर धूर दिसतच नाही. पिस्तूल नसेल आणि लाकडी फळ्यांचा क्लॅपर असेल तर फळ्या एकमेकींना भिडताना डोळ्यांनी बघा. "सेट" म्हटल्यावर बटण थोडं आधीच दाबून ठेवायचं, म्हणजे त्यातली ढिलाई निघून जाते आणि धूर दिसल्यावर फक्त टिचकीएवढं काम उरतं.

आता दुसरं टोक. फिनिश लाइनच्या अगदी रेषेत उभं राहायचं, ट्रॅकपासून निदान ५ मीटर लांब, आणि एकामागे एक चढत्या पायऱ्यांचा स्टँड असेल तर त्यावर. एक पाऊल जरी पुढे-मागे झालात तरी जवळच्या लेनला एक रेषा दिसते आणि लांबच्या लेनला दुसरीच. धावपटू येत असताना त्याच्याबरोबर मान फिरवत बसू नका, शेवटच्या क्षणी नजर रेषेवर पाहिजे आणि त्याचं धड रेषेच्या अलीकडच्या कडेला आलं की दाबायचं. धड म्हणजे धडच. डोकं, मान, हात, पाय यातलं काहीही आधी गेलं तरी ते धरत नाहीत. पॅरिस २०२४ च्या पुरुषांच्या १०० मीटर फायनलचा फोटो बघा, किशेन थॉम्पसनचा पाय नोआ लायल्सच्या आधी रेषेवर दिसतो, तरी गोल्ड लायल्सला गेलं कारण धड त्याचं आधी पोचलं, ९.७८४ विरुद्ध ९.७८९. स्कोअरबोर्डवर दोघांचंही ९.७९ च.

एका धावपटूवर तीन घड्याळं असतील तर दोन जुळली की ती वेळ खरी, तिन्ही वेगळी आली तर मधली घ्यायची, आणि फक्त दोनच घड्याळं असून जुळत नसतील तर जास्तीची. त्या दिवशी माझं ११.३ असंच बाद झालं, आणि बरंच झालं. सरासरी काढायचा मोह होतो, काढू नका. दुसरं म्हणजे घड्याळ शंभरावा भाग दाखवतं म्हणून तो लिहायचा नसतो. हॅन्ड टायमिंग ट्रॅकवर पुढच्या दशांशावर न्यायचं, म्हणजे ११.३२ आलं तर ११.४ लिहा, ११.३ नाही. बऱ्याच जणांना हे खटकतं, पण वेळ वरच जाते, आणि अंतर, पुढे येईलच, खालीच येतं.

या सगळ्यात मला सगळ्यात जास्त वैताग येतो तो एका गोष्टीचा, हाताची वेळ आणि इलेक्ट्रॉनिक वेळ शेजारी शेजारी ठेवून "अरे हा तर फास्ट झाला" म्हणणं. हातावर सुरुवातीला आपण धूर बघून उशिरा दाबतो, आणि शेवटी धावपटू येताना दिसत असतो म्हणून वेळेवर किंवा जरा आधीच दाबतो, म्हणजे दोन्हीकडून वेळ कमीच होते. तुलना करायचीच असेल तर १०० आणि २०० मीटरच्या हाताच्या वेळेत ०.२४ मिळवा आणि ४०० मीटरला ०.१४, तेही अंदाज म्हणून. १९६० च्या रोम ऑलिम्पिकमध्ये मिल्खा सिंग यांची ४०० मीटरची वेळ हातावर ४५.६ होती, इलेक्ट्रॉनिकवर ४५.७३. धावणं एकच. १९७७ पासून ४०० मीटरपर्यंतच्या वर्ल्ड रेकॉर्डला हाताची वेळ चालतच नाही.

फोटो फिनिश सिस्टम परवडत नसेल तर मोबाईल वापरा, पण स्लो मोशनमध्ये. साध्या व्हिडिओत सेकंदाला ३० फ्रेम असतात, सेकंदाला १० मीटर पळणारा माणूस दोन फ्रेमच्या मध्ये ३३ सेंटीमीटर पुढे गेलेला असतो, मग धड नेमकं कधी आलं ते सांगणार कसं? २४० फ्रेमला तेच अंतर ४ सेंटीमीटरवर येतं. फोन ट्रायपॉडवर, लेन्स बरोब्बर रेषेत, हातात धरायचा नाही. मात्र सुरुवात व्हिडिओत दिसत नसेल तर त्यावरून फक्त नंबर लावा, वेळ लिहू नका. आणि कॅमेऱ्यात आलेला पिस्तुलाचा आवाज ही सुरुवात धरलीत तर पुन्हा तेच ०.२९.

खऱ्या फोटो फिनिशचा फोटो पहिल्यांदा बघितला की गोंधळायला होतं. पाय लांबच लांब, एखाद्याचा बूट होडीसारखा ताणलेला, कुणाचा हात काडीसारखा. कारण तो एका क्षणाचा फोटोच नसतो. कॅमेरा फक्त फिनिश लाइनची एक उभी चीर बघतो, मोठ्या स्पर्धांत सेकंदाला निदान १००० वेळा, आणि त्या चिरा शेजारी शेजारी चिकटवतो. म्हणजे आडवी दिशा ही जागा नसून वेळ असते. ज्याचं पाऊल नेमकं रेषेवर टेकलं त्याचं पाऊल ताणलं जाणार, कारण ते तिथंच थांबलं होतं. वाचताना उभा कर्सर धडाच्या पुढच्या कडेला आणायचा, खांदा कुठं संपतो आणि हात कुठं सुरू होतो हे नीट बघायचं आणि खालच्या स्केलवर वेळ वाचायची, मग वरच्या शंभराव्या भागावर न्यायची. शंभरावा भाग म्हणजे किती? १९८४ ला लॉस एंजेलिसमध्ये पी. टी. उषा ४०० मीटर हर्डल्समध्ये ५५.४२ ला आल्या, ब्रॉन्झ गेलं ५५.४१ ला. सरासरी वेगाने हिशोब केला तर सात सेंटीमीटर.

वाऱ्याचं लवकर सांगतो. १०० मीटरला विंड गेज, म्हणजे वारा मोजायचं यंत्र, फिनिशपासून ५० मीटरवर, पहिल्या लेनच्या बाजूला, ट्रॅकपासून २ मीटरच्या आत आणि १.२२ मीटर उंचीवर, पिस्तूल वाजल्यापासून १० सेकंद मोजायचं. लांब उडीला गेज टेक-ऑफच्या, म्हणजे उडी घ्यायच्या, रेषेपासून २० मीटरवर असतो आणि उडी मारणारा ४० मीटरच्या खुणेवरून गेला की तिथून ५ सेकंद. मागून येणारा वारा सेकंदाला २.० मीटरपेक्षा जास्त असेल तर रेकॉर्ड धरत नाहीत. आकडा आला की तो तपासायला पाहिजे, नुसता लिहायला नको. १९८८ ला इंडियानापोलिसमध्ये फ्लोरेन्स ग्रिफिथ जॉयनर १०० मीटर १०.४९ ला पळाल्या तेव्हा गेजवर वारा ०.०, आणि त्याच मैदानावर तिहेरी उडीच्या गेजवर त्याच सुमारास ४.३. रेकॉर्ड आजही आहे, वादही आहे.

आता टेप. स्टीलचाच घ्या, कापडी टेप ओढला की लांबतो. लांब उडीत वाळूत टेक-ऑफच्या सगळ्यात जवळ जी खूण पडली असेल तीच धरायची, पायाची असो, ढुंगणाची असो की मागे टेकलेल्या हाताची. मुलं नेहमी टाचेची खूण दाखवतात, तुम्ही मागची वाळू बघा. खुणेवर सळई उभी रोवायची, टेपचं शून्य तिथं, आणि वाचन उडी घ्यायच्या फळीकडं, टेक-ऑफच्या रेषेशी काटकोनात. टेप तिरका झाला की अंतर फुकटचं वाढतं. गोळा, थाळी, हातोड्यालाही शून्य पडलेल्या खुणेवरच, टेप वर्तुळाच्या मध्यबिंदूवरून ओढायचा आणि वाचायचं रिंगच्या आतल्या कडेला. भाल्याला तोच टेप ८ मीटर त्रिज्येच्या कमानीच्या मध्यबिंदूवरून न्यायचा. सेंटीमीटरच्या मध्ये आलं तर खालचा सेंटीमीटर, म्हणजे ६.४७८ आलं तर ६.४७ लिहा, खेळाडू कितीही हात जोडू दे.

लेझर, प्रिझमवालं यंत्र असेल तर काम पटकन होतं, पण स्पर्धेच्या आधी आणि नंतर एक अंतर टेपने मोजून पडताळायचं. आणि टेप गाडीतच ठेवायचा नाही. १९६८ ला मेक्सिको सिटीत बॉब बीमनची लांब उडी अंतर मोजायच्या यंत्राच्या रुळाच्याही पुढे गेली, शेवटी टेपच आणावा लागला आणि ८.९० मोजलं गेलं.

आणखी एक, वाळू सारखी करणाऱ्याला आधीच सांगून ठेवा की आकडा लिहून, मोठ्यानं परत वाचून झाल्याशिवाय दाताळ्याला हात लावायचा नाही. मी एकदा "सहा सत्तेचाळीस" ऐकून ६.७४ लिहिलं होतं आणि लक्षात येईपर्यंत पिट गुळगुळीत झालेला होता.