फोल्डिंग ट्रे डिझाईन शिकताय? आधी पुठ्ठा हातात घ्या (कोरुगेटेडमध्ये, म्हणजे लाटांच्या पुठ्ठ्याच्या कामात, नवीन येणाऱ्यांसाठी माझा अनुभव)

पॅकेजिंगमध्ये येऊ बघणारी मुलं मला सगळ्यात आधी सॉफ्टवेअरचं विचारतात, आर्टिऑसकॅड शिकू की ऑटोकॅडवर भागेल वगैरे. सॉफ्टवेअर येतं हो, कामाला लागलात की येतंच, पुठ्ठा यायला वेळ लागतो. मी नाशिक भागात फळांच्या ट्रेची स्ट्रक्चरल डिझाईनं करते, जास्त करून एक्स्पोर्टच्या द्राक्षाची, म्हणजे ५०० ग्रॅमचे १० पनेट (छोटे डबे) बसणारा ५ किलोचा ट्रे. या एका ट्रेवरच लिहिते कारण यात शिकण्यासारखं जवळजवळ सगळं येतं.

पहिली गोष्ट फ्लूटची दिशा. पुठ्ठ्याच्या आतल्या लाटा, म्हणजे फ्लूट, उभ्या राहिल्या तर वजन पेलतात, आडव्या झाल्या की दबतात, हे सगळ्यांना माहीत असतं. पण ट्रे एकाच शीटमधून घडी होतो, त्यामुळे चारही भिंतीत फ्लूट उभी मिळणं शक्यच नाही, दोन भिंतीत उभी येणार आणि दोन भिंतीत आडवी. मग ठरवायचं की भार कुणावर टाकायचा. आम्ही फ्लूट ट्रेच्या लांबीच्या दिशेने धावेल अशी ठेवतो, म्हणजे दोन्ही टोकांच्या छोट्या भिंतीत ती उभी येते, आणि त्याच भिंती वरून आत वळवून डबल करतो. तिथेच कोपरे पण पक्के होतात, आणि वरच्या ट्रेचं वजन शेवटी कोपऱ्यांतूनच खाली उतरतं.

घडी सोपी जाते की नाही ते पण याच फ्लूटवर ठरतं बरं का. फ्लूटला आडवी जाणारी क्रीज, म्हणजे घडीसाठी दाबलेली रेघ, सरळ आणि स्वच्छ बसते. फ्लूटला समांतर जाणारी क्रीज कधी लाटेच्या माथ्यावर पडते कधी खळग्यात, त्यामुळे घडी एक-दोन मिलिमीटर इकडे तिकडे सरकते. म्हणून लांब भिंतींच्या बाजूला थोडी जास्त मोकळीक (अलाउन्स) द्यावी लागते. नवीन डिझायनर चारही बाजूंना सारखंच अलाउन्स देतो आणि मग एका बाजूने ट्रे घट्ट होतो.

अलाउन्स हा विषय मला फार महत्त्वाचा वाटतो. बी, सी, ई ही लाटेच्या मापांची नावं; बी फ्लूटचा तीन प्लाय, म्हणजे तीन थरांचा, पुठ्ठा साधारण ३ मिलिमीटर जाड असतो, सी फ्लूट ४ च्या आसपास, ई फ्लूट दीड. कागदावर रेघेला जाडी नसते पण इथे प्रत्येक घडी जाडी खाते. टोकाची भिंत वरून आत वळवायची तर एक क्रीज चालतच नाही, दोन समांतर क्रीज लागतात, आणि मध्ये बाजूच्या भिंतीचे कान, म्हणजे तिच्या टोकांना वळणारे फ्लॅप, अडकणार असतील तर त्या दोन क्रीजमधलं अंतर किमान दोन जाड्यांचं, म्हणजे बी फ्लूटला ६ मिलिमीटर आणि वर थोडं. आतली भिंत बाहेरच्यापेक्षा जाडीभर कमी उंच, कारण ती तळाच्या वर उभी राहते. रुंदीलाही दोन्हीकडून एकेक मिलिमीटर सोडा नाहीतर ती बाजूच्या भिंतींना घासत आत जाते. खालचा लॉक, म्हणजे आतल्या भिंतीची जीभ, तळाच्या खाचेत शिरतो, तर खाच पुठ्ठ्याच्या जाडीएवढी ठेवा, जिभेची टोकं जरा निमुळती करा आणि ती तळाच्या खाली डोकावणार नाही हे बघा, डोकावली तर ट्रे डुगडुगतो.

हे सगळं बरोबर असूनही ट्रे वाईट असू शकतो, जर घडीचा क्रम हाताला आपोआप कळत नसेल. सीझनमध्ये पॅकहाऊसला बायका दिवसभर उभं राहून ट्रे उभे करत असतात, त्यांच्यासाठी एकेका ट्रेमागे वाचलेलं एक वळण म्हणजे खांद्याला तेवढाच आराम. नवीन डिझाईन आलं की मी तिथे सॅम्पल घेऊन जाते आणि काहीही न सांगता हातात देते. "ताई, हे कान आधी आत घ्यायचे का मागून?" असा प्रश्न आला की ड्रॉइंग बदलायचं, सूचना छापत बसायचं नाही. आधी बाजूच्या भिंती वर, मग कान आत, मग टोकाची भिंत कानांवरून आत आणि जीभ खाचेत, एवढ्यात काम झालं पाहिजे. जोर लावून अंगठ्याने दाबावं लागत असेल तर दुपारनंतर निम्म्या ट्रेच्या जिभा अर्धवटच बसणार, आणि अर्धवट बसलेला ट्रे स्टॅकमध्ये सगळ्यात आधी उघडतो.

आता कागदाचं. आपल्याकडे मजबुती म्हटलं की लगेच बीएफ आणि जीएसएम (चौरस मीटर कागदाचं ग्रॅममध्ये वजन), कस्टमरपण म्हणतो १८ चा २० बीएफ करा. बीएफ म्हणजे बर्स्ट फॅक्टर, कागदाच्या वजनाच्या मानाने तो फुटायला किती दाब लागतो ते. ट्रेवर ट्रे रचल्यावर लागते ती उभी ताकद, तिचा अंदाज ईसीटीवरून, म्हणजे पुठ्ठ्याचा तुकडा कडेवर उभा धरून दाबायच्या टेस्टवरून, येतो. १९६३ मध्ये मॅकी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी जो फॉर्म्युला दिला त्यात ईसीटी, पुठ्ठ्याची जाडी आणि खोक्याचा घेर असं सगळं येतं, तो जरूर शिका, पण तो नेहमीच्या बंद खोक्यासाठी आहे, उघड्या आणि भोकं पाडलेल्या ट्रेला तो जसाच्या तसा लावू नका, ट्रेची बीसीटी, म्हणजे अख्खा ट्रे किती भार पेलतो ते, मशीनवर दाबूनच बघा. शिवाय लॅबमध्ये आयएसओच्या पद्धतीने टेस्ट होते २३ डिग्री आणि ५० टक्के ह्युमिडिटीला, आणि द्राक्ष राहतं शून्य डिग्रीच्या आसपास ९०-९५ टक्क्यात, तेही न्हावाशेवाहून रॉटरडॅमला पोचेपर्यंत. कागद ओलावा पितो आणि ताकद निम्म्यावर सुद्धा येऊ शकते. ही तफावत डिझाईन करतानाच धरायची. उलट एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात पुठ्ठा इतका सुकतो की घडीवर वरचा लायनर, म्हणजे लाटांवर चिकटवलेला सपाट कागद, तडकतो, रिसायकल्ड क्राफ्ट कागदाचा तर जास्तच, म्हणून निदान बाहेरचा लायनर चांगल्या फायबरचा मागा.

हवेची भोकं उभी लंबगोल ठेवा, आडव्या भोकात भार पेलणाऱ्या उभ्या फ्लूट जास्त कापल्या जातात. कोपऱ्यापासून लांब. आणि मोठ्या-छोट्या ट्रेची भोकं पॅलेटवर एकासमोर एक येतायत ना ते बघा, नाहीतर प्रीकूलिंगची, म्हणजे पाठवण्याआधी माल थंड करायची, हवा आत जाणारच नाही. साइज ६०० बाय ४०० किंवा ४०० बाय ३०० धरली तर १२०० बाय १००० च्या पॅलेटवर नीट बसतात, मोठे ५ किंवा छोटे १०. कोपऱ्यावर कोपरा आला पाहिजे, विटांसारखं सांधे मोडून रचलं की ताकद खूप घटते.

शिक्षणाचं थोडक्यात सांगते. इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पॅकेजिंग, १९६६ पासूनची संस्था, अंधेरीला आहे, तिथे दोन वर्षांचा पीजी डिप्लोमा आहे. नेरुळला एसआयईएसचं पॅकेजिंगचं कॉलेज आहे. प्रिंटिंग किंवा मेकॅनिकलवालेही या लाईनमध्ये भरपूर आहेत. कोर्स करताना सुट्टीत एखाद्या प्लांटमध्ये डाय (पुठ्ठा कापायचा साचा) बनवणाऱ्या मिस्त्रीशेजारी बसायला मिळालं तर सोडू नका, प्लायवूडमध्ये रूल (पोलादी पाती) कसा बसतो, कटिंग रूलपेक्षा क्रीज रूल किती बुटका ठेवतात, निक (न कापता ठेवलेले बारीक जोड) कुठे सोडतात हे तिथेच कळतं. पंचिंग मशीनवाल्यालाही ड्रॉइंग आधी दाखवा, शीटमध्ये दोनऐवजी तीन ट्रे बसतायत का हे तो बघताक्षणी सांगतो.

इंटरव्ह्यूला जाताना थ्रीडी रेंडर छापून नेऊ नका. त्याऐवजी स्वतः कटरने कापून क्रीज मारलेले ट्रे न्या, सपाट, घडी न घातलेले, आणि समोरच्याच्या हातात द्या. एकाच ट्रेची तीन रूपं असली तर अजून चांगलं, आणि प्रत्येकावर पेनाने फ्लूटची दिशा, जाडी आणि काय बदललं ते लिहिलेलं असू दे. मी स्वतः उमेदवार घेताना तेच मागते.