व्हायरल लोड चांगला आला म्हणून गुप्तरोगाची तपासणी सोडू नका, या चुका टाळा

नाशकात एचआयव्हीच्या पेशंटचं काउन्सेलिंग करताना रोज एकच ऐकते, "मॅडम, व्हायरल लोड टीएनडी आलाय, मग आता अजून कशाला रक्त द्यायचं?" अहो दादा, टीएनडी म्हणजे रक्तात एचआयव्हीचा विषाणू तपासणीत सापडला नाही, आणि तो तसाच राहिला की तुमच्याकडून जोडीदाराला एचआयव्ही जात नाही हे अगदी खरंय, पण सिफिलिस, गनोरियासारखे गुप्तरोग एचआयव्हीवरच्या एआरटीच्या गोळ्यांनी अडत नाहीत.

दिंडोरीकडचे एक जण द्राक्षबागेत फवारणीला जायचे. तळहातावर तांबूस डाग, खाज मात्र अजिबात नाही. सगळ्यांनी फवारणीच्या औषधाची ॲलर्जी धरली, मीपण तेच धरलं, आणि दोन महिने नुसतं मलम चोळण्यात गेले. मग एकदा चप्पल काढायला लावली तर तळपायालाही तसेच डाग, आणि फवारताना तर गमबूट असतात पायात, तिथे औषध कुठून पोचणार? व्हीडीआरएल, म्हणजे सिफिलिसची रक्ततपासणी केली, पॉझिटिव्ह, १:६४. बायकोचीही पॉझिटिव्ह. तेव्हापासून डाग दिसला की मी तळपाय बघितल्याशिवाय सोडत नाही, आणि काही त्रास नसला तरी वर्षातून एकदा व्हीडीआरएल, जोडीदार जास्त असतील तर तीन ते सहा महिन्यांनी.

दुसरी चूक रिपोर्ट वाचण्यातली. सिफिलिसचं इंजेक्शन झालं की लोक घाईने खासगी लॅबमध्ये टीपीएचए ही सिफिलिसचीच दुसरी तपासणी करतात, पॉझिटिव्ह बघून रडत येतात. ती बहुतेकांची जन्मभर पॉझिटिव्हच राहते हो! बरं होतंय का ते व्हीडीआरएलच्या टायटरवरून, म्हणजे त्या १:६४ सारख्या आकड्यावरून कळतं, १:६४ चं १:१६ किंवा त्याहून खाली आलं पाहिजे, त्यालाही महिने लागतात, आणि दरवेळी टेस्ट तीच, लॅब तीच. मी जुना रिपोर्ट नव्यालाच टाचून ठेवते.

नुसती लघवी तपासून गनोरिया नाही म्हणू नका, घशातला आणि गुदद्वारातला लघवीत सापडत नाही. संबंध कसे येतात हे विचारायला आपणच लाजलो तर पेशंट कशाला सांगेल?

मेडिकलवाल्याकडून दोन गोळ्या घेऊन गप्प बसणं तर बंदच करा.

एचआयव्ही असलेल्या बायकांना पांढरं जातंय का एवढंच विचारून सोडू नका, २५ वर्षांपुढे गर्भाशयाच्या तोंडाची तपासणीही करून घ्या.

आणि जोडीदाराचा उपचार राहिला तर तोच आजार परत घरात येतो, म्हणून दोघांना एकाच दिवशी बोलवा. सरकारी सुरक्षा क्लिनिकमध्ये, म्हणजे गुप्तरोगाच्या दवाखान्यात, तपासणी, औषध मोफत आहे, कुठे जायचं कळत नसेल तर १०९७ या एचआयव्ही हेल्पलाइनला फोन करा.