नव्या माणसाला शिकवायला मॅनेजरला कसं तयार करावं

"माका येळ खंय आसा? मी शिकवत रवलंय तर माल कोण काढतलो?" सिंधुदुर्गातल्या एका काजू कारखान्यात सुपरवायझरदादांनी मला हे तोंडावर सुनावलं होतं, आणि त्यांचं काही चुकत नव्हतं. त्यांचा हिशेब रोज संध्याकाळी निघालेल्या किलोंवर व्हायचा. नव्या बाईला कटिंग, म्हणजे बी फोडून गर काढणं, शिकवण्यात गेलेला अर्धा तास त्यात कुठेच धरलेला नसायचा. म्हणून काजू कारखाना असो की मालवणातलं हॉटेल, सुरुवात मॅनेजरला उपदेश करून नको, त्याच्या हिशेबापासून करा.

आधी मालकाशी बोला. नवीन माणूस रुजू होईल त्या आठवड्यात त्या टेबलाचं टार्गेट कमी धरायचं, हे मॅनेजरसमोर ठरवा आणि लिहून ठेवा. एवढं होत नसेल तर पुढच्या पायऱ्यांना हात लावू नका.

मग नुकसान त्याच्याच मालात दाखवा. आम्ही नव्या बाईचा आणि जुन्या मावशींचा एका दिवसाचा माल दोन परातींत ठेवला. अख्खा गर, पाकळी, तुकडा वेगळे केले. डब्ल्यू-३२० हा ग्रेड म्हणजे एका पौंडाला ३०० ते ३२० अख्खे गर. गर फुटला की तो त्या ग्रेडमधून गेला, भावही उतरला. दादा बराच वेळ परातीतले तुकडे चाळवत राहिले. मग म्हणाले, "तिका बी कशी धरूची ता कोणी दाखवल्यानच नाय."

आता त्यांना रीत द्या. हात चांगला म्हणून माणूस सुपरवायझर होतो, पण शिकवायचं कसं ते त्याला कोणी सांगितलेलं नसतं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतल्या कारखान्यांसाठी नवखे कामगार झटपट तयार करायला चार टप्पे बसवले गेले, ते आजही पुरतात. नव्या माणसाची भीड घालवा आणि त्याला काय येतं ते विचारा. काम करून दाखवा, एकेक गोष्ट सांगत. मग त्याच्याकडून करून घ्या, 'असं का' हे त्याच्याच तोंडून ऐका. शेवटी एकटं सोडा, पण फेरी मारत राहा. घाईत तिसरा टप्पा गाळला जातो, आणि काजूत तो गाळणं धोक्याचं आहे. टरफलातला चीक कातडी जाळतो. हातमोजे का घालायचे, हे नव्या बाईने स्वतः सांगितल्याशिवाय तिला मशीनवर बसवू नका.

डबा कुठे खायचा, पगार कधी, संध्याकाळची एसटी किती वाजता, हे सगळं एखाद्या जुन्या मावशींवर सोपवा. मॅनेजरकडे फक्त काम शिकवणं, रोज सकाळची पहिली पंधरा मिनिटं. आणि गणपतीच्या आठवड्यात कोणाला रुजू करून घेऊ नका. शिकवणाराच रजेवर असतो.

शेवटचं मालकाच्या हातात आहे. महिन्याच्या बैठकीत "किती किलो?" याच्या आधी "नवीन कोण आलं, एकटीने काय करते?" हे त्याने विचारावं, दर महिन्याला. तिसऱ्या बैठकीला आमचे दादा वही घेऊन आले. बाईचं नाव, तारीख, आणि पुढे लिहिलं होतं: कटिंग, एकटी.