कवितासंग्रहाचा लेआउट लावताना ओळ कशी सांभाळायची

कवितांचं पुस्तक लावायला घेतलंत तर एक गोष्ट पक्की डोक्यात ठेवा, ओळ कुठे तोडायची ते कवी ठरवतो, सॉफ्टवेअर नाही. गद्यात ओळ कुठेही मोडली तरी चालून जातं, इथे मोडली की वाचणारा भलत्याच जागी थांबतो आणि लय गेलीच.

म्हणून आधी फॉन्ट निवडत बसू नका (सगळे तेच करतात, मीही केलंय). आधी अख्ख्या संग्रहातली सगळ्यात लांब ओळ शोधा आणि ती डेमीच्या पानावर, म्हणजे साधारण साडेपाच बाय साडेआठ इंचात, मार्जिन सोडून बसते का बघा. नाही बसली तर पॉइंट, म्हणजे अक्षराचा आकार, थोडा कमी करा, पण सगळ्या पुस्तकाचा, त्या एकाच कवितेचा नाही. तरी दोनचार ओळी बाहेर जातातच, मग उरलेले शब्द खाली चांगले आत सरकवून घ्या, म्हणजे ही नवी ओळ नाही हे बघताक्षणी कळतं. कवीनेच काही ओळी आत घेतल्या असतील तर तुमचा इंडेंट त्याहून मोठा हवा, नाहीतर नुसता गोंधळ.

अलाइनमेंट डावीकडून. सेंटर लग्नपत्रिकेसाठी ठेवा, दर ओळीची सुरुवात वेगळ्या जागी आली की डोळा शोधतच बसतो.

देवनागरीला वर रफार-वेलांट्या, खाली उकार, त्यामुळे लीडिंग, म्हणजे एका ओळीपासून दुसऱ्या ओळीपर्यंतचं अंतर, ऐसपैस लागतं, १२ पॉइंटच्या अक्षराला १८ पॉइंट देऊन बघा. फॉन्टमधला ल आणि श मराठी वळणाचा आहे ना, 'दऱ्या'तला र नीट येतो ना, एवढं तपासा. 'तिरो देवनागरी मराठी' हा फॉन्ट फुकट मिळतो.

खरी गंमत पान संपताना. कडवं मधे तोडू नका, पण दोन कडव्यांमधली मोकळी जागा नेमकी पानाच्या तळाशी आली तर कविता संपली असंच वाटतं! दोन पानांची कविता डाव्या पानावर सुरू करा, म्हणजे उलटावंच लागत नाही. त्यासाठी क्रम हलवायचा असेल तर कवीला विचारून.

आणि काही कवितांत मांडणी हीच कविता असते. कवी अरुण कोलटकर जाहिरातक्षेत्रातले आर्ट डायरेक्टर, त्यांच्या १९७६च्या 'जेजुरी' या इंग्रजी संग्रहात शेतातल्या कोंबड्यांचा नाच आहे तिथे शब्दच पानभर वरखाली उड्या मारतात. असलं काही आलं तर कवीकडून कागदावर हाताने काढून घ्या, टाइप केलेल्या फाइलवर विसंबू नका.

शेवटच्या फर्म्यात (एका मोठ्या कागदावर एकत्र छापून घडी घातलेल्या पानांचा गठ्ठा) पानं उरली तर कोरी राहू द्या, फुलापानांची चित्रं नकोत प्लीज.