वापरलेल्या इंजिन ऑइलसाठी सिटीला पैसे कसे मिळवून द्यायचे (कॅलिफोर्नियावाल्यांसाठी)

घरीच ऑइल चेंज करणारे आपल्यातही बरेच आहेत, पण जुनं तेल द्यायचं कुठे आणि त्यासाठी सिटीला फंड मिळतो हे कमी जणांना माहीत असतं. इथे नवीन तेल विकणाऱ्या कंपन्यांकडून गॅलनमागे फी घेतात, 1991 च्या कायद्यापासून, आणि त्यातला काही पैसा कॅलरीसायकल (CalRecycle, राज्याचं कचरा आणि रीसायकलिंगचं खातं) दरवर्षी लोकसंख्येच्या हिशोबाने सिटी आणि काउंटीला देतं.

आधी सिटीच्या पब्लिक वर्क्स किंवा रीसायकलिंगवाल्यांना विचारा की या फंडासाठी यंदा अर्ज केलाय का. नसेल केला तर अट बघा, दर 1,00,000 लोकांमागे जुनं तेल घेणारं निदान एक सर्टिफाइड सेंटर हवं, किंवा मग महिन्यातून एकदा तरी घरासमोरून तेल उचलायला हवं, शिवाय लोकांना माहिती देण्याचं कामही हवं. गाव छोटं असेल तर शेजारच्या गावांबरोबर मिळून एकत्र अर्ज करता येतो, आणि खरं सांगू, तेच बरं पडतं, कागदपत्रं एकालाच करावी लागतात.

अर्जासाठी सिटी कौन्सिलचा ठराव लागतो आणि सगळ्यात जास्त वेळ त्यातच जातो म्हणून तो अजेंड्यावर लवकर घालून घ्या.

पैसे आले की नुसती पत्रकं छापू नका. झाकण घट्ट बसणारे तेलाचे कॅन आणि जुने फिल्टर ठेवायला जाड पिशव्या वाटा, लोक तेच वापरतात. आणि लेबलवर ठळक लिहा की कूलंट किंवा पेट्रोल मिसळू नका, मिसळलेलं तेल सेंटरवाले परत पाठवतात. खर्चाची बिलं मात्र पहिल्या दिवसापासून जपा, रिपोर्ट द्यावाच लागतो.