डेडलँड्समध्ये हॅरोड कॅरेक्टर चालवताना या चुका टाळा

डेडलँड्स या भुताखेतांच्या वाइल्ड वेस्टमधल्या रोल-प्लेइंग खेळात ज्याचं कॅरेक्टर मरून कबरीतून परत येतं, त्या खेळाडूचा चेहरा बघण्यासारखा असतो. श्वास लागत नाही, पाण्यात बुडत नाही, विष चढत नाही, छातीत गोळी घुसली तरी गडी उभा. हाच तो हॅरोड. पण हे मढं चालतंय ते मेंदूत ठाण मांडून बसलेल्या मॅनिटू नावाच्या दुष्ट आत्म्याच्या जोरावर, हे दुसऱ्या सेशनपर्यंत सगळे सोयीस्कर विसरतात. खेळाडू तर विसरतोच, खेळ चालवणारा मार्शलही विसरतो.

मॅनिटू म्हणजे पिसाळलेलं कुत्रं नव्हे

सगळ्यात जास्त कॅम्पेन, म्हणजे अनेक सेशन चालणारे खेळ, या एका गैरसमजापायी बुडतात. डोमिनियनच्या, म्हणजे देहाच्या ताब्याच्या झटापटीत मॅनिटूची सरशी झाली, की मार्शल कॅरेक्टरच्या माहितीचा कागद, म्हणजे शीट, ओढून घेतो आणि त्या कॅरेक्टरकडून शेजारी झोपलेल्या दोस्तावर गोळी झाडतो. असं का करायचं नाही? मेंदू फुटला की हॅरोड तर संपतोच, पण आतला मॅनिटूही कायमचा मरतो. एरवी त्याला मरण नाही, इथे आहे. पागडीच्या खोलीत राहणारा भाडेकरू स्वतःच्या डोक्यावरचं छप्पर पाडत नाही. शिवाय मॅनिटूचे धनी, म्हणजे रेकनर्स, जगतात भीतीवर. एक मुडदा पाडून भीती पसरते एका रात्रीपुरती. कुणावर विश्वास ठेवायचा हेच कळेनासं झालं, तर ती सहा महिने पुरते.

एका टेबलावर काय झालं ते बघा. ठिकाण द मेझ, म्हणजे खेळातल्या 1868 च्या महाभूकंपात फुटून खाऱ्या कालव्यांची झालेली कॅलिफोर्निया. पॉसी, म्हणजे खेळाडूंची टोळी, चौघांची, होडीत घोस्ट रॉक या खेळातल्या मौल्यवान खनिजाची पोती, पहाऱ्यावर हॅरोड पिस्तूलबाज. मॅनिटूने ताबा घेतला, मार्शलने शीट घेतलं आणि झोपलेल्या पाद्र्याच्या कानशिलात गोळी घातली. पाच मिनिटं टेबल सुन्न, मार्शल खूश. मग उरलेल्या दोघांनी सरळ हिशोब केला, बारा बोअरची बंदूक हॅरोडच्या डोक्याला लावली आणि चाप ओढला. त्यात त्यांचं काय चुकलं? दोन कॅरेक्टर गेली, एक खेळाडू पुढच्या आठवड्यापासून आलाच नाही, आणि सात सेशन जपलेलं रहस्य मेंदूबरोबर होडीच्या तळावर सांडलं.

त्याच रात्री त्याच होडीत करायचं ते एवढंच होतं. शीट खेळाडूकडेच ठेवायचं आणि त्याच्या हातात एक चिठ्ठी द्यायची: "पहारा तुझा. गोड्या पाण्याच्या पिपाचा बूच सैल कर. कुणाला कळता कामा नये. पहाटे तुला यातलं काही आठवणार नाही." पिंप सकाळी अर्धं रिकामं, भोवती मैलोन्‌मैल खारं पाणी, आणि चौघं एकमेकांकडे बघतायत. हॅरोडही त्यात आहे, आणि तो खरंच गोंधळलेला आहे, कारण कॅरेक्टरला काही माहीत नाही हे खेळाडूला माहीत आहे. यात त्याची जी मजा होते, ती शीट हिसकावून होणार नाही.

चिठ्ठ्यांचे आमचे नियम साधे आहेत. सेशनआधी पाच लिहून ठेवायच्या, वापरायच्या जास्तीत जास्त दोन. ताबा एका प्रसंगापुरता, घड्याळाने दहा मिनिटं. आणि चिठ्ठी एकट्या हॅरोडला कधीच द्यायची नाही, सगळ्यांना द्यायची. बाकीच्यांच्या चिठ्ठीत "तुझ्या घोड्याचा मागचा नाल सैल झालाय" असलं काहीतरी फुटकळ. नाहीतर कागद सरकला की सगळं टेबल एकाच माणसाकडे वळून बघतं.

अंगात आल्यासारखं घुमणं

हा खास आपल्याकडचा आजार. ताबा म्हटलं की आपला खेळाडू केस मोकळे सोडून हुंकार देत घुमायलाच लागतो. मॅनिटू असा घुमत नाही. तो यजमानाच्याच आवाजात, त्याच्याच लकबीत बोलतो, फक्त एखादी गोष्ट जरा वेगळी करतो.

मेलेपण फुकटात वापरणं

ही दुसरी डोकेदुखी, आणि इथे दोष घाईच्या खेळाडूंचा. ताकद सगळी हवी, पंजे हवेत, अंधारात दिसायला हवं, पण मढ्याचा वास? "तो काय रोज सांगायचा?" हो, रोज. ॲरिझोनाच्या उन्हात तीन दिवस घोड्यावर बसलेलं प्रेत गावात शिरतंय, हे विसरलात तर तुमच्याकडे हॅरोड नाही, नुसता जाड कातडीचा काउबॉय आहे.

प्रत्येक नव्या गावाच्या वेशीवर तीनच प्रश्न विचारायचे. वास कशाने झाकलास? जनावर तुला जवळ येऊ देतंय का? आणि कुणी नाडी धरली तर काय सांगशील? उत्तर नसेल तर फासे टाकायचेच नाहीत, थेट परिणाम: तबेल्यातली घोडी बिथरतात, सलूनमधलं शेजारचं स्टूल रिकामं होतं, आणि भुताखेतांच्या मागावर असलेल्या टेक्सास रेंजरच्या कानावर जातं. वासावर उपाय म्हणून व्हिस्कीत अंघोळ चालेल, तंबाखू चालेल, प्रेत टिकवणाऱ्या माणसाला गाठलं तर उत्तमच. अमेरिकन यादवी युद्धात ही विद्या धंदा म्हणून फोफावली होती. पण ती द्रावणं मुख्यतः आर्सेनिकची. दर वेळी कुणीतरी "फॉर्मालिन टोचून घेतो" म्हणतं. खेळातल्या 1876 साली त्या धंद्यात फॉर्मालिन नव्हतं, ते शतक संपताना आलं. आर्सेनिकच मागा. औषधविक्रेता दोन बाटल्यांना हो म्हणेल, सहा मागितल्या तर विचारेल कुणाला मारायचंय. तिथेच अर्ध्या तासाचा प्रसंग मिळतो.

मेला की हॅरोड

कॅरेक्टर मेलं की पत्ते ओढायचे, जोकर निघाल्याशिवाय परत येणं नाही. 54 पत्त्यांत जोकर दोन, म्हणजे एक पत्ता ओढला तर शक्यता चार टक्क्यांहूनही कमी, पाच ओढले तर साधारण अठरा. मार्शलने दया येऊन गड्डीत फेरफार केला, की मरणाची भीती गेलीच म्हणून समजा. "पहिल्या सेशनपासून हॅरोडच द्या" म्हणणाऱ्याला आमच्याकडे आधी दोन सेशन जिवंत माणूस चालवायला लावतात. जिवंतपणी काय होतं तेच माहीत नसेल, तर गमावलं काय ते कसं खेळणार?

किरकोळ, पण नेहमीच्या

एका पॉसीत दोन हॅरोड नकोत. दोन गुपितं एकमेकांना खातात.

1996 ची मूळ आवृत्ती आणि 2006 ची रीलोडेड यांचे डोमिनियनचे नियम मिसळू नका. एक पुस्तक धरा, दुसरं कपाटात ठेवा.

मॅनिटू हा मुळात अल्गोंक्वियन भाषांमधला शब्द. त्या लोकांच्या लेखी तो सैतान नव्हे. राक्षसाचा अर्थ त्याला या खेळाने चिकटवला आहे. हे पहिल्याच बैठकीत एका वाक्यात सांगून टाका, आणि गावातल्या मूळनिवासी पात्राला "मॅनिटूतज्ज्ञ" करायचा मोह आवरा.

आणि डोक्यावर नेम धरायचा असेल तर तो शत्रूने, तोही त्याला हॅरोडचं गुपित कळल्यावर. ज्याला कळलेलं नाही तो छातीवरच झाडतो, आणि हॅरोड उठून बसला की त्याच्या हातातली बंदूक थरथरायला लागते.